सोपी वाट

फळीवर लिहिलं होतं: सोपी वाट,
लहान मुलांसह, तीन किलोमीटर,
शेवटी धबधबा.
खाली कुणीतरी खिळ्यानं कोरलं होतं: खोटं.

लिआंद्रोनं घड्याळ लावलं.
दीड तास, म्हणाला, खाण्यापिण्यासकट.
मी काही बोलले नाही.
चार वर्षांच्या माणसाचा किलोमीटर
केवढा असतो ते त्याला कळायचं होतं अजून.

आल्पुहार्राच्या या उतारांवर
जूनचं ऊन नऊलाच दगडावर मांडी ठोकून बसतं.
मागे आमचं गाव, चुना फासलेलं,
घाईत सांडलेल्या मिठासारखं.
वाट मात्र सपाट,
कोरड्या पाटाच्या कडेकडेनं,
डोंगराच्या कमरेला करदोडा बांधावा तशी.

पहिला थांबा: हिनेसच्या बुटात खडा.
काढला.
दुसरा थांबा: तोच खडा त्याला परत हवा.
तिसरा: मुंग्या,
भुंग्याचा एक पंख उभा धरून चाललेल्या.
वरात, म्हणाला हिनेस.
मयत, म्हणाली न्येवेस. ती आठ वर्षांची आहे,
तिला सगळं माहीत असतं.
निकाल लागेपर्यंत मुंग्या आमच्या पुढे गेल्या.

लिआंद्रो वळणापर्यंत जायचा, परत यायचा,
पुन्हा जायचा, पुन्हा यायचा,
मेंढ्यांच्या कुत्र्यासारखा.
हिशेब केला तर तो एकटाच सहा किलोमीटर चालला.

चेस्टनटच्या सावलीत बटाट्याचं ऑम्लेट संपलं,
पीचचा रस कोपरापर्यंत पोचला,
आणि तिथून शंभर पावलांवर
हिनेस पाटाच्या काठावर बसला.
म्हणाला, माझे पाय संपले.

घोडं अडलं ते अडलंच.
चॉकलेट दाखवून झालं.
खांद्यावर घेण्याचा विषय लिआंद्रोच्या पाठीनं
निघण्याआधीच मिटवला होता.
ऐक, म्हणाला तो, धबधबा ऐकू येतोय.
आम्ही ऐकलं.
रातकिडे दिवसाढवळ्या ऊन कापत होते,
बाकी काही नाही.

मग खांद्यावर कुदळ, पायात रबरी बूट,
सेलेदोनिओ आला. पाटकरी.
खालच्या शेंगांच्या वाफ्यांची आज अकराची पाळी,
दारं धरायला निघाला होता.
धबधबा? हसला. जूनमध्ये?
त्याचं पाणी माझ्याकडे असतं.
बसा इथंच.
आणि वळणाआड गेला.

आधी आवाज आला,
दुसऱ्या खोलीत कुणी कागद चुरगाळावा तसा.
मग पाणी.
पाणी म्हणायचं म्हणून,
खरं तर एक तपकिरी जीभ,
पुढ्यात पानं, पाइनच्या सुया, एक गांगरलेला किडा ढकलत,
कोरडी माती चाटत, चाचपत, दबकत,
डाव्या काठाला विचारून उजव्याकडे.

हिनेस उठला.
कुणी काही म्हणालं नव्हतं.
तो पाण्याच्या तोंडाशी लागून चालू लागला,
घराकडे,
ये, म्हणत, ये ना,
आणि दोघांची चाल अगदी एक होती.
मी इतकी वर्षं पाटाजवळ राहते,
पाणी इतकं हळू चालतं हे
कधी पाहिलंच नव्हतं;
मी यायची तेव्हा ते नेहमी आधीच आलेलं असायचं.

एका खड्ड्याशी ते थबकलं,
भरत राहिलं, गोल गोल.
न्येवेस काठी घेऊन वाट काढायला धावली.
हिनेसनं हात आडवा केला.
त्याचे पाय संपलेत, म्हणाला,
थांबूया.

थांबलो आम्ही.
लिआंद्रोसुद्धा, घड्याळाकडे न बघता,
किंवा बघितलं असेल, मी पाण्याकडे बघत होते.
हिनेसनं बुटातला खडा काढला
आणि पाण्याला दिला.

परतताना ती फळी पुन्हा लागली.
कोरलेला शब्द खोडावा म्हणून मी दगड उचलला,
मग वाटलं, धबधबा तर खरंच नव्हता.
दगड ठेवला.