वहीतला क्रम

मुनाफ पेवेकर फायनल एक्झिटवर गेला
तेव्हा लॅपटॉप मला देऊन गेला. चारशे रियाल, रोख.
एचचं बटण बसलेलं, चार्जरला इन्सुलेशन टेप,
आणि फुकटात एक वही:
जुन्या परमिटच्या कोऱ्या पाठी, कडेला स्टेपल मारलेल्या.

पहिल्या पानावर लाल पेनने,
आधी बॅकअप घे.
त्याखाली बारीक,
घेतलास काय? खोटं बोलू नको.

खेळ जुना आहे. तीन भाग.
पहिला अर्धवट, दुसरा घाईत, तिसरा बरा.
गंजलेल्या कारखान्यांचा मुलुख, मास्क लावलेली माणसं,
आणि ऐन वेळी अडकणारी बंदूक.
बनवणारे केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागले.
आता तो कुणाकुणाच्या जागरणांवर चालतो:
एकाने आभाळ बदललं, एकाने गवत,
एकाने फक्त बुटांचा आवाज,
चिखलात वेगळा, पत्र्यावर वेगळा.
कोण असेल हा माणूस
ज्याला सगळ्या जगात तेवढंच खटकलं?

जुबैल, गुरुवारची रात्र.
कॅम्पच्या वायफायवर तीन जीबी उतरवायचे म्हणजे
खिमलालचं घरी बोलणं संपेपर्यंत थांबायचं.
त्याची मुलगी फोनवर पाढा म्हणते.
मला नेपाळी येत नाही,
पण अडखळण्याची जागा ओळखू येते.
पट्टी एक्केचाळीस टक्क्यांवर. पट्टी एक्केचाळीस टक्क्यांवर.

तोवर निवडायचं.
एक मॉड म्हणतं, नायकाला भूक लागू दे, झोप येऊ दे,
ओझ्याने त्याची पाठ भरू दे.
मुनाफने त्यावर काट मारलीय: हे ड्युटीवर होतंच.
एक म्हणतं, चेहरे इतके साफ करू की सुरकुती मोजाल.
शेजारी: मशीनमधून धूर येईल.
चौथ्याच्या आधी पाचवं नको. का, ते लिहिलेलं नाही.

मला पटतं हे.
प्लांटवर आधी लाईन बंद, मग कुलूप,
कुलपाला आपल्या नावाचा टॅग,
आणि मगच फ्लँजला पाना.
तिथे क्रम चुकला तर सॉरी म्हणायला माणूस उरत नाही.
इथे निदान डेस्कटॉपवर आणून टाकतात.

दोनदा आणून टाकलं.
तिसऱ्यांदा मेनू नुसता काळा,
आणि एका राहिलेल्या स्वल्पविरामासाठी
पाऊण तास डोळे फोडले.
बॅकअप? नव्हता घेतला.

सात नंबरला लिंक नाही.
डी ड्राइव्ह, आवाज नावाचं फोल्डर. शेवटी टाक. विचारू नको.

टाकलं.
पहिला तळ. पिंपात जाळ, जाळापाशी मास्कवाला पहारेकरी,
जो इतकी वर्षं कुठल्याशा भाषेत
काहीतरी खेकसायचा आणि मी पुढे जायचो.
तो वळला. म्हणाला,
कवा आयलास रं? जेवलास काय?

मुनाफच. तोच बसका घसा.
दुकानदार म्हणतो, उधारी बंद हाय.
गोळी लागलेला म्हणतो, आये गं, माजा पाय,
आणि मरता मरता हसू दाबतो.
सगळ्यांच्या मागे आमच्याच एसीची घरघर,
आणि हेडफोन कानात दाबून धरला
तर त्या घरघरीखाली
कुणीतरी घोरतंय. मी.
कुठल्या रात्री बसला असेल हा,
तोंडावर ब्लँकेट घेऊन, मोबाईलमध्ये कुजबुजत,
मी दोन हातांवर झोपलेलो असताना.

मिशन आलंय, हा तळ साफ कर.
मॅगझीन भरलेलं आहे.
दर चाळीस सेकंदांनी पहारेकरी तेच विचारतो.
खिमलाल उशीवरून डोकं उचलून विचारतो, कोण आलंय.

साडेबारा वाजलेत. मेस कधीच बंद झाली.
टेबलावर फॉइलमध्ये खबूस, कडक झालेला.
मी खरंच जेवलो नव्हतो.