पाणी गुडघ्याएवढं

नोट प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं
आहेर छापलेले कागद उजेडाला धरून बघत.
शाई फुटलेला, बाजूला.
नंबर कललेला, बाजूला.
आता जेल रोडच्या गच्चीवर, शनिवारी रात्री,
पत्तेही तसेच बघतात,
कोपरा उचलून, एकदाच.
राणी-चौकी. बाजूला.
गुलाम-तिर्री. बाजूला.
तास तास माणूस नुसता चिवडा खातो.

आम्ही चिंचोक्यांवर खेळतो.
नोटांचा त्यांना कंटाळा आहे.

सुरुवातीला मी एक्का-बादशहा दिसला
की सगळे चिंचोके पुढे सारायची.
समोर भगीरथ पिंगळे, टेम्पोवाला,
ज्यानं जन्मात एकही पान टाकून दिलेलं नाही,
सत्ती-दुर्री घेऊन हसत बसलेला.
आणि पाचवं पान, ज्याला रिव्हर म्हणतात,
आम्ही गोदा म्हणतो,
ती त्याच्या दारावरून वाहायची.

मी म्हटलं, नशीब.
आहेर म्हणाले, नशीब कसलं, बांध तूच फोडलास.
तीनात दोनदा तू जिंकशील, कबूल.
तिसऱ्यांदा उठून घरी जाशील.
हा उरलेली रात्रभर चुका करणार,
त्या कोण वेचणार?

दुतोंड्या मारुती बघितलायस ना पुरात?
गुडघ्याला पाणी असेतो
लोक घाटावर गप्पा मारत उभे.
कमरेला लागलं
की सराफ बाजारातली कपाटं वरच्या मजल्यावर.
कच्च्या माणसाशी खेळताना
पाणी गुडघ्याएवढं ठेवायचं.
पुष्कळदा, थोडं थोडं.
आणि भगीरथला थाप मारू नकोस.
थापेला घाबरायला
आधी ती ऐकू यावी लागते.
पान चांगलं आलं तर सरळ माग,
तो देतो.

थंडीभर मी तसंच खेळले.
स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून
वीस चिंचोके, तीस चिंचोके,
कधी पाच गेले.
वहीत मांडलं: अकरा शनिवार, आठ माझे.
माझा डबा भरला, भगीरथचा वाजेनासा झाला.

मग दोन शनिवार तो आलाच नाही.
टेम्पो वणीला गेलाय म्हणे.
तिघांत डाव रंगेना,
आहेर चिवड्यातले दाणे निवडत बसले.

तिसऱ्या शनिवारी आला. बसल्या बसल्या
त्यानं सगळे पुढे ढकलले,
आणि आहेरांनी, आहेरांनी,
चक्क तेवढेच मोजून ठेवले.
पाणी मारुतीच्या गळ्याला.
गोदेवर आली दुर्री.
सत्त्या-दुर्र्या! भगीरथ असा ओरडला
की खालच्या गल्लीतली कुत्री उठली.

आहेरांनी आपली पानं
बल्बच्या उजेडाला धरली, क्षणभर,
आणि पालथी ठेवली.
काय होतं हो?
सदोष, म्हणाले.

पिसायची पाळी माझी होती.
मांडलेल्या पाचांत एक एक्का होताच,
त्यात मिसळले
आहेरांच्या हातातले दोन.

मी पिसत राहिले, जरा जास्तच वेळ.
भगीरथ चिंचोके रुमालात बांधत विचारत होता,
पुढच्या शनिवारी
जरा लवकर बसायचं का?