तांदळाच्या डब्यात तातुल

वार्दावारच्या दिवशी कुणीही कुणावर पाणी ओतावं
आणि भिजणाऱ्यानं रागवू नये,
हा एक कायदा आमच्या घरात सगळे पाळतात.
बाकीचे कायदे आईचे आहेत.

सकाळी दाढी करताना बाबांवर पहिली बादली पडली.
गालावरचा अर्धा साबण वाहून गेला, अर्धा राहिला,
आणि ते तसेच उभे, हातात वस्तरा,
छोट्या वाहेकडे बघत.
"रागवायचं नसतं," वाहे म्हणाला,
दाराआड एक पाय ठेवून.

मग जुनी निवा, आत सहा माणसं,
माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं कलिंगड,
हेरिकनाज आत्याच्या मांडीवर मटणाचं पातेलं.
कांदा, मिरी, डाळिंबाचा रस, रात्रभर मुरलेलं.
प्रत्येक वळणावर ती झाकण दाबून धरी
जसं आत कुणी जिवंत आहे.

दिलिजानच्या बोगद्याअलीकडे रान, धुकं, ओली झाडं;
पलीकडे एकदम उघडं ऊन, बोडके डोंगर
आणि खाली सेवान,
निळा म्हणावा तर निळा नाही,
कुणीतरी आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखा.
रस्त्याकडेला उकडलेली कणसं घेतली.
आई म्हणाली, "घरी याच्या निम्म्यात होतात."
हे ती दरवर्षी म्हणते, आणि दोन खाते.

मांस भाजणं हे पुरुषांचं काम, असं बाबा मानतात.
सळया लावल्या त्यांनी, निखारे फुंकले त्यांनी,
पण मनगट दुखतं हे वसंतापासून लपवलेलं.
तिसऱ्या सळईला मी शेजारी जाऊन बसले.
ते काही बोलले नाहीत. फक्त सरकले.
त्या दिवशीचं सगळं मांस मी उलटलं
आणि सगळं कौतुक त्यांनी घेतलं.

लवाशमध्ये जांभळी तुळस, ताराखून, चीज, गरम तुकडा.
बोटं पुसायला गवत.
तेवढ्यात वहिनीच्या फोनवर तातुल.
सारातोव्हला तो भिंती बांधतो,
दोन उन्हाळे झाले.
मागे सिमेंटची पोती, केसांत चुना.
"काय खाताय?" म्हणाला.
अर्पिकनं एकेक पदार्थ कॅमेऱ्यापुढे धरला,
कणसाचं उरलेलं बुंधंसुद्धा.
तो हसला. म्हणाला, "इथं कुणी पाणी टाकत नाही.
मी पूर्ण कोरडा आहे."

हे आत्यानं ऐकलं.
तिनं तळ्यातून भरलेला तांब्या उचलला
आणि तातुलच्या तोंडावर ओतला.

क्षणभर पडद्यावर तो खरंच भिजल्यासारखा दिसला,
डोळे मिटलेले, तोंड उघडं.
मग काळं.

कुणी रागवलं नाही. रागवता येत नव्हतं.
अर्पिक उठून पाण्यापर्यंत चालत गेली,
घोट्यापर्यंत उभी राहिली, परत आली,
कलिंगड कापायला घेतलं.
आत्या दिवसभर ताट हातात धरून बसली होती,
जेवली नाही.

घरी येऊन आईनं फोन तांदळाच्या डब्यात पुरला.
"ओलावा ओढून घेतो तांदूळ. झाकण कुणी उघडायचं नाही."
आईचा हा कायदा पाळला गेला.
सोमवारी बुलगूर. मंगळवारी बुलगूर.
बुधवारी पाहुणे आले, जर्दाळू घालून पुलाव ठरलेला,
त्यांनाही बुलगूरच, वर जर्दाळू.
बाबांनी नंतर एकट्यानं जाऊन
डब्याला कान लावलेला मी बघितला.

गुरुवारी मी भांडी घासत होते.
फडताळातून आवाज आला, दबलेला,
दाण्यादाण्यातून चाळून आल्यासारखा,
तातुलसाठी लावलेली ती चिमणीची धून.

अर्पिकनं कोपरापर्यंत हात घातला.
ओट्यावर, जमिनीवर, वाहेच्या केसांत तांदूळ.
"कुठे होता तुम्ही चार दिवस?" तिकडून आवाज.
आत्यानं तिच्या हातातून फोन घेतला,
हातभर लांब धरला
आणि विचारलं,
"वाळलास का रे?"