अकरापर्यंत

शारजात, अल खानच्या मागच्या गल्लीत,
टायरवाला आणि लाँड्रीच्या मधोमध
आमची भट्टी.
आमची म्हणजे ओरासियोची, त्याच्या बायकोची,
गल्ल्यावर बसणाऱ्या लेकीची,
आणि पगारापुरती माझी.

भिंतीवर त्याची आजी, नेलिदा,
डोळे बारीक केलेली, फोटोतही धूर असल्यागत.
दारावरही तिचंच नाव.
पेंटरने वरचा नुक्ता खाली दिला,
तेव्हापासून अर्धी गल्ली तिला बेलिदा म्हणते.

इथे दारू नाही, डुकराचं नाही, रक्ताचं सॉसेज नाही.
आजीच्या वहीतली चार पानं
ओरासियोने टाचण्या मारून बंद केलीत.
उरलेल्यांत मीठ, कोळसा आणि उसंत.
आणि एक ओळ, तेलाच्या डागाखाली:
हात जाळीवर धर. अकरापर्यंत मोज.
अकराला हात मागे आला, तर मांस ठेव.

अकरा कुणाच्यानेच होत नसत.
म्हातारीला आकडे येत नव्हते, ओरासियो म्हणायचा,
सातच्या जागी अकरा लिहून बसली.
म्हणून आमचा नियम सात.
पहिल्या वर्षी मी चारलाच ओरडायचो.
मोजायचो मराठीत,
बुरोंडीच्या शाळेत पालेकर गुरुजींच्या छड्या
मोजायचो त्याच चालीवर, तोच हात पुढे करून.

गिऱ्हाईक खूश. शुक्रवारी सीरियन कुटुंबं येतात,
पोराबाळांसकट, वरून लसणीची चटणी मागतात.
तक्रार कुणाचीच नाही.
फक्त ओरासियो रोज पहिला तुकडा तोंडात टाकायचा
आणि जिभेने काहीतरी शोधत राहायचा,
खिशात किल्ली नसल्यासारखा.

मागच्या डिसेंबरात ती आली.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची, व्हिजिट व्हिसावर,
पायांत लोकरीच्या सपाता.
फोटोकडे बघितलं नाही, पाटीकडेही नाही.
सरळ मागे आली,
कोपराने मला बाजूला केलं,
दोन फावडी निखारे पुढे ओढले
आणि डावा हात जाळीवर धरला.

उनो. दोस्.
चारला मला घाम फुटला.
सातला ओरासियो पुढे धावला.
ती उभी, बसची वाट बघावी तशी.
अकरा.
मग हात एप्रनला पुसला, म्हणाली, आता.

त्या रात्रीच्या मांसाबद्दल मी काय सांगू.
बाहेरून करकरीत, आतून ओलं,
आणि ओरासियो मोरीशी पाठ करून उभा,
नळ चालू, हातात भांडं नाही.

नंतर त्याने तिचा तळवा उलटा करून पाहिला.
गुळगुळीत. एक रेषा नाही.
ती काहीतरी लांबलचक बोलली.
लेकीने मला एवढंच सांगितलं:
नऊ वर्षांची असताना, साबणाची कढई.
उरलेलं तिने तिच्याकडेच ठेवलं.

म्हातारी परत गेली, सपाता इथेच विसरून.
ओरासियोने तिच्या मापाचा विस्तव केला,
हात धरला: तीन.
मी धरला: पाच. नऊ वर्षांची नोकरी आहे.
वहीत त्याने अकरा खोडलं नाही.
शेजारी पेन्सिलने लिहिलं, तीन, ओरासियो.
खाली, पाच, मुदस्सर, माझ्या नावात एक अक्षर जास्त घालून.
पोखऱ्याहून नवा पोरगा आलाय भांड्यांना,
त्याचे दोन.

परवा माझे पाच खोडून सहा करावे लागले.

सुट्टीच्या दिवशी व्हिडिओवर नाझमीन म्हणते,
अब्बा, हात दाखव, मेंदी काढायचा सराव करते कागदावर,
तुझा आकार हवाय.
मी उजवा दाखवतो.
दुसरा, ती म्हणते.
मी म्हणतो, नेट अडकतंय, बाळा,
आणि उजवाच उलटा करून
पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरतो.