पडद्यातलं सूप

भाऊबीज आटोपली की आमच्या मोहटोलीची मंडई.
झुंजुमुंजूलाच तळ्याच्या पाळीवर बंड्या येतात,
ज्याचं त्याचं पोतं ज्याच्या त्याच्या जागी पसरतं;
जागा कुणी आखून दिलेल्या नाहीत,
पण चुकत कुणीच नाही.

लटारी लोहाराचे विळे यंदा उशिरा आले.
हलका धान कापून झाला, तरी माणसं
नखावर धार बघतात,
घेत नाहीत,
फिरून पुन्हा तिथंच येतात.
कोष्ट्यांचा पत्रू कोशाचं उपरणं विकत नाही, दाखवतो.
"हात धुऊन या," म्हणतो, समोर जावई असला तरी.
ढिवरांच्या बाया सिंगाडे उकडतात,
त्या काळ्या वाफेत निम्मा बाजार न्हाऊन निघतो.
वारलू पेंदामच्या पितळी बैलाचं एक शिंग आखूड.
"मेण उन्हात बसलं होतं जरा," म्हणतो,
किंमत तीच.

मी पडदे रंगवतो.
महाल, जंगल, रस्ता, झोपडी.
एवढ्या चारांत आमच्याकडची सगळी नाटकं मावतात.
दोन वर्षांपूर्वी जंगल फ्लेक्सवाल्यानं नेलं.
त्याच्या जंगलात बर्फाचे डोंगर आहेत
आणि कोपऱ्यात मोबाइल नंबर.
महाल अजून माझ्याकडे आहे,
कारण फ्लेक्सवर दिवा मारला की चिलकतो
आणि राणीचं तोंड दिसत नाही.

दुपारी महालाला शेवटचा हात देत होतो.
शेजारी अंतकला बुरडीण सुपं मांडून बसलेली,
गिऱ्हाईक नव्हतं म्हणून माझा महाल बघत होती.
खांब बघितले, झुंबर बघितलं,
मोरावर बराच वेळ थांबली.
मग म्हणाली,
"एवढ्या मोठ्या घरात सूप नाई का जी?
राणी तांदूर कशात पाखडते?"

मी हसलो.
म्हटलं, राणी पाखडत नसते बाई.
"मंग खडे खाते का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
पिवळा रंग मात्र थोडा उरला होता.
सिंहासनाच्या मागं, खांबाला टेकवून,
वीतभर सूप काढलं.
कंपनीच्या मालकाला सांगितलं नाही.

रात्री अकराला नाटक लागलं.
गाद्यांवर पाहुणे, मागं भुईवर आम्ही,
डोक्याला टॉवेल, पायाला थंडी.
तिसऱ्या अंकात राजानं राणीला हाकललं.
ऑर्गनवाल्यानं सूर असा ताणला
की पुढच्या बायांचे पदर डोळ्यांना गेले,
आणि नेमकं तेव्हाच मागून हसू आलं.
एकटीचं. मोठ्यानं.
"हाय जी, हाय! सूप हाय!"

वडश्याहून आलेली ती राणी थबकली.
वाक्य चुकलं असं वाटलं असेल तिला.
तिनं वळून पडद्याकडे पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
राजा आपला शाप देतच होता.
मग त्याच्याकडे पाठ करून
तिनं दोन्ही हात पुढं धरले
आणि रिकाम्या हवेत पाखडू लागली.
सावकाश. फटक, फटक,
मधेच एक खडा निवडून
राजाच्या पायाशी टाकला.

ऑर्गन कधी थांबला कळलं नाही.
मालक पडद्याआडून हात करत होता, चल पुढं, चल पुढं.
तिला घाई नव्हती. पसाभर तांदूळ उरले होते तिचे.

सकाळी लोक चहा पीत, डोळे चोळत पांगले.
अंतकलाची तीन सुपं गेली.
एक त्या राणीनंच नेलं,
घासाघीस करून, वीस रुपये कमी देऊन.
मी पडदा गुंडाळत होतो, तेव्हा अंतकला जवळ आली.
वाटलं, काही चांगलं बोलेल.

"कडेची वीण उलटी काढली जी तुमी.
अशा सुपातून सारे दाने सांडते."

परवा पडदा पुढच्या गावच्या मंडईला जाईल.
रंग वाळलाय.
वीण उलटीच आहे.