त्रुटी क्रमांक चौदा

आम्ही चौघं, टेबल एक, सोल्डरिंग गन दीड.
अर्धी म्हणजे किबिवॉटची, मनात आलं तरच तापणारी.
सरांनी फळ्यावर विषय लिहिला :
'घरात रोज लागेल असं काहीतरी.'
शेजारच्या गटाने टाळी वाजवली की सरकणारा पडदा घेतला,
पलीकडच्यांनी स्वतःहून पाणी मागणारी कुंडी.
आम्ही दूध.
कारण जेरोटिच म्हणाली, आईचं आठवड्यातून दोनदा उतू जातं
आणि ती मलाच विचारते,
तुला इंजिनियर करतेय ते कशासाठी?

पेटी झाली. लाल दिवा झाला.
पुस्तकात शंभर अंश लिहिलेले,
सावधगिरी म्हणून आम्ही अठ्ठ्याण्णव धरले
आणि मांडी घालून बसलो.
दूध वर आलं, काठावर ओणवं झालं,
शेगडी विझवून फरशीवर उतरलं,
आणि दिवा आपला ढिम्म.
एल्डोरेट डोंगरावर आहे
हे त्या पुस्तकाला कुणी कळवलंच नव्हतं.
इथे त्र्याण्णवलाच धीर सुटतो.

मग जेरोटिचच्या गल्लीतल्या ताबुतानीबाई.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये,
डोळे जन्मापासून नाहीत.
पेटी त्यांनी हातात घेतली, कडेकडेने चाचपली,
कानाशी हलवून पाहिली, जसा नारळ पाहतात.
"हिला कान का नाहीत?"

दूध आधी कुजबुजतं, त्या म्हणाल्या,
मग घसा काढून भांडतं,
आणि मग एकदम गप्प.
तेव्हा उठायचं.
वर आल्यावर कुणीही उठेल.

थर्मामीटर उपटला. एका मेलेल्या मोबाइलमधून
मायक्रोफोन काढला, मुगाच्या दाण्याएवढा.
ताबुतानीबाईंच्या स्वयंपाकघरात
एकतीस वेळा दूध तापवलं, एकतीस वेळा ध्वनिमुद्रण केलं,
एकतीस वेळा चहा प्यायलो.
दोनदा वीज गेली, एकदा बोका मध्येच बोलला.
नेकेसाने सगळं वहीत लिहिलं,
बोक्यासकट.

पेटी शिकली.
भर भांडणात ती शांत बसायची
आणि भांडण थांबलं की ओरडायची.
आम्ही नाचलो. खालच्या मजल्यावरून झाडूचा दांडा आला.

मग तो गुरुवार.
तक्त्यावर नाव कुणाचं आधी, यावरून
जेरोटिच आणि किबिवॉट.
आधी हळू. मग कॉरिडॉरपर्यंत.
मग किबिवॉट म्हणाला, तुझ्या आईला सांग दुसरं कुणी बघायला,
आणि तिने उत्तर दिलं नाही.

पेटी वाजली.

शेगडी नव्हती, दूध नव्हतं,
टेबलावर फक्त वायरींचे तुकडे आणि आम्ही.
पेटी वाजतच राहिली
आणि बंद करायला कुणाचाच हात पुढे होईना.

चार दिवस खटपट केली.
माणसाचं गप्प होणं वेगळं, दुधाचं वेगळं,
यात फरक दाखवणारा आलेख
काढता येईना मला.
वहीत नेकेसाने लिहिलं :
त्रुटी क्रमांक चौदा. दूध नसतानाही वाजते.
ताबुतानीबाईंना वाचून दाखवलं तर हसल्या.
ट्रंक कॉल जोडून दिल्यावर म्हणे त्या ऐकत नसत, नियमच होता,
पण लाइनवरचं बोलणं थांबलं
की पाठीत कळायचं.

परीक्षकांनी विचारलं, चुकीचे इशारे किती?
आम्ही खरं सांगितलं. तिसरा नंबर आला.
पहिला पडद्याला.

पेटी आता माझ्या खोलीत, खिडकीत.
काल रात्री बुंगोमाहून भावाचा फोन.
पाऊस, मक्याचा भाव, बहिणीची फी,
मग आबांचं विचारलं मी
आणि तो काही बोललाच नाही.
"काय वाजतंय तिकडे?" म्हणाला थोड्या वेळाने.
काही नाही, म्हटलं, दूध ठेवलंय.

शेगडी बंद होती.
मी उठलो.