पाठमोरी

आमच्या गावात हंसांना पंख नसतात,
ढीग असतात.
डाव्या पंखाची पिसं डाव्या टोपलीत,
उजव्याची उजव्या.
आई मान वर न करता निवडायची,
नुसता बाक चाचपून.
एका फुलात सोळा पिसं, सोळाही एकाच बाजूची.
एक जरी भलत्या पंखाचं शिरलं
तर फूल हवेत लंगडतं.

नापास फुलांचं पोतं मला मिळायचं.
कारखान्यामागच्या भिंतीवर मी ती मारत बसायचे,
कुठे वळतील नेम नाही.
कोच मियाव पुढे म्हणाले,
हिचा हात फुलाची वाट बघतो, हे हिला कुणी शिकवलं?
कुणी नाही, सर. खराब मालाने.

अकराव्या वर्षी हफेई. प्रांताची क्रीडाशाळा.
खोलीत आठ पलंग, एक खिडकी,
माझ्या वरच्या पलंगावर लू वानचिंग,
झोपेत दात खाणारी.
जोडी आम्ही जुळवली नाही,
उंचीच्या तक्त्याने जुळवली:
ती बुटकी, म्हणून पुढे.
मी लांब हातांची, म्हणून मागे.

सहा वर्षं मी तिची पाठ पाहिली.
मानेवरचा तीळ,
घाम आधी डाव्या खांद्यावर फुटायचा ते,
आणि सर्व्हिसच्या आधी कमरेमागे नेलेली बोटं.
एक: आखूड, मधल्या रेघेवर.
दोन: आखूड, बाहेर.
मूठ: उंच, डोक्यावरून.
कधी कधी नुसती करंगळी.
करंगळीला काही अर्थ नव्हता.
आहेस ना, एवढंच.
मी बुटाचा तळ जमिनीवर घासायचे.
आहे.

जाकार्ताला ज्युनिअर फायनल जिंकलो
तेव्हाच्या फोटोत मी अर्धीच आले आहे,
माझा खांदा आणि तिचं अख्खं हसू.
त्या रात्री हॉटेलच्या केटलीत नूडल्स शिजवताना
ती म्हणाली, तू हसतेस कशी ते मला माहीतच नाही,
तू कायम मागे.

मग बीजिंग. मग गुडघा.
मग बर्फाच्या पिशव्या, आणि भिंतीवर लावलेला एक कागद,
नव्या जोड्यांचा.
माझ्या नावाशेजारी क्वांग शिन्यी.
तिच्या नावाशेजारी शांग यिरान, उंच, ताज्या पायांची.
कोणी काही बोललं नाही.
कागद सरळ लागला नव्हता,
वानचिंगने त्याचा कोपरा दाबून नीट केला
आणि जेवायला गेली.

आठ महिन्यांनी नानजिंगमध्ये
आम्ही जाळीच्या दोन बाजूंना होतो.
तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस.
सर्व्हिस तिची, घेणारी मी.
तिचा हात कमरेमागे गेला
आणि आतून काहीतरी तुटल्यासारखं कळलं,
ती बोटं आता शांग यिरानची.
मला फक्त तोंड दिसत होतं.
सहा वर्षांत पहिल्यांदा.
उंच टाकायच्या आधी ती खालचा ओठ आत घेते,
हे मला,
तिच्या सगळ्यात जवळच्या माणसाला,
ठाऊक नव्हतं.

ओठ आत गेला.
मी अर्धं पाऊल मागे सरकले,
आणि का कोण जाणे, बुटाचा तळ घासला.
चर्रर्र.
तिने वर पाहिलं.
पंचाला दिसलं नसेल, कॅमेऱ्यालाही,
पण फूल धरलेल्या दोन बोटांपासून
करंगळी एवढीशी सुटी झाली.

पुढचे दोन-तीन पॉइंट कुणाला गेले
ते निकालाच्या पानावर आहे.

रात्री आईचा फोन.
ती कधी विचारत नाही, कोण जिंकलं.
पाठीमागे पंखा चालू,
कुणीतरी टोपली ओढत होतं.
फूल कसं होतं, म्हणाली, लंगडत नव्हतं ना?

नाही गं.
अगदी सरळ येत होतं.